कारभारणीनं खाल्लेली वाट

खरं सांगते, त्या दिवशी मी हरवले नव्हते. माझी वाट हरवली होती. या दोन्हींत फरक आहे, आणि तो जव्हारच्या लोकांना अजूनही पटत नाही.

आम्हाला जव्हारात येऊन चारच दिवस झाले होते. भाद्रपद सरत आला होता, पण धुकं असं दाट की समोरच्या घराचं कौल दिसेना. शाळा ते आमची खोली, मध्ये सात वळणं. सातही गल्ल्या सारख्या, सातही गल्ल्यांत बंद दारं आणि दारांपुढं तीच शेणानं सारवलेली पायरी. मोखाड्याच्या पुढं दीड कोसावर आमचा पाडा. तिथं वाट चुकायची म्हटली तरी चुकत नाही, कारण कुठूनही मान वर केली की आपला डोंगर दिसतो. इथं मान वर केली की दुसऱ्याची खिडकी दिसते आणि खिडकीतली बाई विचारते, "काय पाहिजे गं?"

म्हणून मी आमच्याकडची युक्ती केली. रानात पुढं गेलेला माणूस फाट्यावर डहाळी टाकतो. जिथून आलो तिकडं देठ, जिकडं गेलो तिकडं शेंडा. मागून येणारा शेंडा बघतो आणि चालू लागतो. दुसऱ्याच्या डहाळीला कुणी हात लावत नाही. सकाळी शाळेला जाताना मी पागेमागच्या उंबराच्या सात डहाळ्या मोडल्या आणि प्रत्येक वळणावर एक ठेवली, शेंडा आमच्या खोलीकडं करून. परत येताना नुसतं शेंड्यांच्या मागं यायचं.

शाळा सुटली. पहिल्या वळणावर डहाळी होती. दुसऱ्यावर होती. तिसऱ्यावर... काहीच नाही. नुसता ओला दगड.

मी डावीकडं गेले, परत आले, उजवीकडं गेले. आणि मग दिसली. एका पायरीपुढं एक काळी शेळी उभी होती. तिच्या तोंडातून माझ्या डहाळीचा देठ बाहेर आला होता आणि वर-खाली हलत होता. पायरीवर एक तरुण बसला होता. कोपरापर्यंत दोन्ही हात राखाडी लगद्यानं भरलेले, पुढ्यात मोठं घमेलं.

"ती माझी आहे," मी म्हटलं.

"शेळी?"

"डहाळी."

त्यानं शेळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आता ती बरीचशी तिची झाली."

"तुझ्या शेळीनं माझी घरची वाट खाल्ली."

त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग डोळ्यांच्या कडेला हसू जमायला लागलं, पण त्यानं ते गिळलं. निदान तसा प्रयत्न केला. "कुठवरची खाल्ली?"

"ते मला ठाऊक असतं तर डहाळ्या कशाला टाकल्या असत्या?"

"बरं... राहता कुठं तुम्ही?"

"पागेच्या मागं."

"दरबारच्या पागेच्या?" त्यानं लगद्याचा हात मागच्या भिंतीकडं केला. "ही भिंत पागेचीच. पलीकडं घोडा शिंकला तर आमच्या घमेल्यात पाणी हलतं."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण तेवढ्यात पलीकडं एक घोडा खरंच फुरफुरला. मी लाजून लाल झाले असणार, कारण कान तापले. तो मात्र उठला, भिंतीच्या कडेची अरुंद बोळकांडी दाखवली आणि म्हणाला, "वीस पावलं. डहाळीची गरज नाही."

मी सतरा पावलांतच पोचले. तीन पावलं वाचवल्याचा राग कुणावर काढावा, ते मला समजेना.

*

आम्ही जव्हारला आलो ते गवतासाठी. माझा बा, तुका, दरबारच्या घोड्यांना लागणारं गवत कापायला, वाळवायला आणि गंजी रचायला लागला होता. काम फाल्गुनापर्यंत. मी मोखाड्याच्या शाळेत चौथी झाले होते आणि मग दोन वर्षं घरी बसून जुनीच पुस्तकं पाठ करत होते. जव्हारला मुलींची शाळा सातवीपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत. शाळेच्या बाईंनी माझी तोंडी परीक्षा घेतली आणि एकदम सातवीत बसवलं. उशिरा शाळेत गेल्यामुळं मला अठरावं लागलं होतं. वर्गात मी सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत गोंधळलेली.

काय काय शिकायचं होतं, म्हणून सांगू? पाड्यावर सगळे एकमेकांना तू म्हणतात, म्हाताऱ्यालाही आणि देवालाही. मी पहिल्याच दिवशी मास्तरांना "तू बस ना" म्हटलं आणि अख्खा वर्ग बाकाखाली गेला. पाड्यावर दार दिवसा लावलं तर लोक विचारायला येतात, कोण आजारी आहे म्हणून. इथं सगळीच दारं बंद, म्हणून पहिले दोन दिवस मला वाटलं गावात साथ आहे.

आणि सगळ्यांत अवघड म्हणजे रस्त्यातली माणसं. आमच्याकडं वाटेत कुणी भेटलं की विचारायचं असतं, "कुठं निघालास?" आणि समोरच्यानं खरं सांगायचं असतं. न विचारणं म्हणजे अपमान, न सांगणं म्हणजे चोरी. मी जव्हारच्या बाजारात पहिल्या सकाळी तेवीस जणांना विचारलं, कुठं निघालात. एक कारकून म्हणाला, तुला काय करायचंय. एक बाई पदर सावरून पळाली. बाकीचे नुसते बघत राहिले. मी शाळेत उशिरा पोचले आणि बाईंना खरं कारण सांगितलं. बाई खूप वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

या सगळ्या गावात मला नीट उत्तर दिलं ते एकट्यानं. त्या शेळीवाल्या मधूनं.

डहाळी खाल्ली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो बाजारातून येत होता. डोक्यावर कचेरीतल्या रद्दी कागदांचं गाठोडं. मी सवयीनं विचारलं, "कुठं निघालास?" आणि लगेच जीभ चावली.

तो थांबला. गाठोडं सावरलं. "आधी घरी. मग हे कागद भिजत घालणार. मग मेथ्या वाटणार, लगद्यात घालायला, नाहीतर कीड लागते. मग कारभारीण यातले चार कागद खाईल. मग मी तिच्यावर ओरडणार. मग ती माझ्याकडं असं बघेल की मलाच वाईट वाटेल. आणि तुम्ही?"

"कारभारीण कोण?"

"शेळी. गावातले सगळे कागद शेवटी तिच्यापुढं जातात."

असा तो. बोहाड्याच्या उत्सवात जी सोंगं नाचवतात, देवांची आणि राक्षसांची, त्यांचे मुखवटे त्याचे वडील, भिका, बनवायचे. मधू हाताखाली. त्याचा आजा साखरशेतहून जव्हारला आला होता. म्हणजे माणूस आमच्यासारखाच डोंगरातला, पण तीन पिढ्या गल्लीत राहून रान पार विसरलेला. ऐन कुठला आणि जांभूळ कुठली हे त्याला ओळखता यायचं नाही. मोखाड्याच्या बोहाड्याचे मुखवटे करायचा, पण मोखाडा त्यानं बघितला नव्हता.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. आठवड्याभरात सातही वळणं मला पाठ झाली होती. आणि समजा झाली नसती, तरी पागेमागच्या विहिरीपाशी निरगुडीचं रान माजलं होतं, आणि निरगुडीला शेळी तोंड लावत नाही हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मी रोज उंबराच्याच डहाळ्या टाकत होते. कारभारीण रोज खात होती. मी रोज त्या पायरीपुढं उभी राहून रोज तीच तक्रार करत होते.

का, ते मला विचारू नका. मी मलाही विचारत नव्हते.

"काय गो चैते," माझ्या बाकावरची रामी म्हणायची, "वीस पावलांची वाट चालायला तुला घटकाभर लागते. पाय दुखतात का?"

"शेळीशी भांडण असतं."

"शेळीशी. हं." रामी पाटीवर शेळी काढायची. शेळीला मिशा काढायची.

*

त्यानं मला पहिल्यांदा तू म्हटलं तो दिवस मला आठवतो. थंडी पडली होती. पायरीवर ऊन होतं आणि उन्हात सात मुखवटे वाळत ठेवले होते. रंग नाही, डोळे काढलेले नाहीत, नुसते राखाडी चेहरे. मी वाकून एकेकाला विचारत होते, कुठं निघालास, कुठं निघालास.

"मोखाड्याला," मधू मुखवट्यांच्या वतीनं म्हणाला. "सगळेच. मला सोडून."

"तू का नाही जात?"

"बाबा नेऊन देतात. मी इथं शेळी सांभाळतो." तो घमेल्यात बोटं फिरवत होता. "सोंग नाचतं तेव्हा... कसं दिसतं गं? आम्ही तोंडं करतो, पण ती नाचताना मी बघितलीच नाहीत. तू बघितलीस."

ते तू आलं आणि गेलं. त्याच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या मात्र पायापासून डोक्यापर्यंत काहीतरी सरसरत वर गेलं. आमच्याकडं सगळेच मला तू म्हणतात. एवढंसं तू, त्यात काय असतं? पण जव्हारात येऊन मी "तुम्ही" ऐकायला शिकले होते, आणि "तुम्ही" शिकल्यावर "तू" वेगळंच ऐकू येतं.

"नाचताना ती आधी हळू येतात," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "संबळ वाजत असतो. तोंड आधी डावीकडं वळतं, मग उजवीकडं. आपल्याकडं वळलं ना, की वाटतं यानं आपल्यालाच ओळखलं. सगळ्यांनाच तसं वाटतं. पण मला तर..."

"तुला तर?"

"मला तर खरंच ओळखतं."

तो हसला नाही. त्यानं एक वाळलेला मुखवटा उचलला आणि माझ्यापुढं धरला. "आतून बघ."

मी तोंडाशी धरला. आत मेथीचा वास, ओल्या कागदाचा वास, आणि बघण्यापुरती दोन बारीक भोकं. एवढं मोठं जव्हार, त्याच्या सात गल्ल्या, खिडक्या, कचेरीची तासातासाला वाजणारी घंटा, मला न कळणारं सगळं, त्या दोन भोकांपलीकडं नाहीसं झालं. उरला फक्त मधू. गुडघ्यावर हात ठेवून, मान जरा कलती करून बघत असलेला.

"काय दिसतं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. मुखवट्याच्या आत खोटं बोलणं सोपं असतं.

"काहीच नाही?"

"शेळी दिसते."

"शेळी तुझ्या मागं उभी आहे."

*

आणि मग फाल्गुन आला. गंजी रचून झाल्या. बा एका संध्याकाळी पागेतून आला, पाय धुतले आणि म्हणाला, "झालं काम. होळी घरी करू."

"आणि फायनल?" मी विचारलं. परीक्षा वैशाखात होती.

"इथं राहशील कुठं? खोली पागेची. काम संपलं, खोली संपली." बा वाईट माणूस नाही. माझ्यासाठी त्यानं मोखाड्याच्या शाळेपर्यंत चार वर्षं रोज सोबत केली होती. "मोहाची फुलं वेचायचे दिवस आले, पोरी. आईला हात लागेल. आणि परक्या गावात तुला ठेवायचं, तर कुणीतरी मला येऊन मागायला नको? तू माझी पोर आहेस, गवताची पेंडी नाहीस, कुणाच्या ओट्यावर टाकून जायला."

मी आईकडं बघितलं. येसू माझी आई, ती बोलते कमी. ती चुलीतलं लाकूड सारत म्हणाली, "तुला राहायचंय का पण?"



जव्हारात मला रोज पाड्याची आठवण यायची. करवीच्या कुडाला लिंपलेल्या शेणाचा वास, नाचणीची अंबील, उघडं दार. पण होळीला घरी जायचं म्हटल्यावर कचेरीची घंटा, खिडकीतल्या खोचक बाया, बाईंचे हलणारे खांदे, वीस पावलांची ती बोळकांडी... सगळं सोडवेना. मग मला जायचंय की राहायचंय? आणि राहायचं म्हटलं तर फायनलसाठी, की... रात्रभर मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि सकाळी तिसऱ्याच बाजूला पोचले.

दुसऱ्या दिवशी पायरीपुढं गेले. डहाळ्या टाकल्या नव्हत्या. कारभारणीनं माझे हात हुंगले आणि नाराज झाली.

"आम्ही उद्या जातोय," मी म्हटलं.

मधूचा हात घमेल्यात थांबला. "अस्सं."

"हो."

"परत...?"

"ठाऊक नाही."

तो लगदा मळू लागला. खूप मळला. आधीच मळलेला होता. मला वाटलं, आता बोलेल. त्यालाही वाटलं असावं, आता मी बोलेन. मग त्यानं मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या आधी, त्यानं विचारलं,

"चैती... कुठं निघालीस?"

आमच्याकडं या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं असतं. मी तोंड उघडलं. घरी, असं म्हणायचं होतं. पण कुठलं घर, हेच माझं मला कळेना. मी तशीच मागं वळले आणि वीस पावलं धावत गेले.

*

निघताना मी पागेमागच्या उंबरावर चढले आणि मोळीभर डहाळ्या तोडल्या.

"ह्या कशाला गो?" आईनं विचारलं.

"शेळीला."

"आपल्याकडं शेळी कुठंय?"

आईनं माझ्याकडं बघितलं, मोळीकडं बघितलं, आणि निरगुडीच्या झाडाकडंही बघितलं. मग तिनं मोळी नीट बांधून दिली.

मोखाड्यापर्यंत गाडीरस्ता आहे. तिथवर आंधळाही येईल. खरी वाट पुढं. पाड्यापर्यंत नऊ फाटे, आणि मी नऊही फाट्यांवर उंबर टाकला. देठ जव्हारकडं, शेंडा माझ्याकडं. मनात म्हटलं, त्याला शेंडा कळायचा नाही, देठ कळायचा नाही. पण त्याच्या घरात एकजण आहे, तिला उंबर कळतो.

डहाळी तीन दिवस हिरवी राहते. तीन दिवस मी हिशेबानं शहाणी वागले. होळी झाली. पाड्यावर मी काय काय चुका केल्या! दुपारी पाठ करायला बसताना दार लावून घेतलं, तर पोशीकाकू काढा घेऊन आली, कोण आजारी म्हणून. म्हाताऱ्या ढवळूबाबाला "तुम्ही बसा" म्हटलं, तर त्यानं मागं वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून. घंटा वाजत नव्हती, तर किती वाजले ते कळेना. जव्हारात मी पाड्याची होते. पाड्यावर येऊन जव्हारची झाले. मधल्या नऊ फाट्यांवर कुठंतरी मी पडले असणार, असं वाटे.

तिसरा दिवस गेला. डहाळ्या सुकल्या असतील, मी मनात म्हटलं. बरं झालं. आता विचार करायला नको. आणि विचार करतच राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी मी मोहाखाली फुलं वेचत होते. दव होतं, फुलं गार होती आणि वासानं डोकं जड झालं होतं. तेवढ्यात पोशीकाकू उतारावरून खाली आली, पदरानं तोंड झाकून हसत.

"चैते, तुला न्यायला कुणी येतंय म्हणे."

"कोण म्हणे?"

"दुसऱ्या फाट्यावरच्या गुराख्यानं विचारलं त्याला, कुठं निघालास? तर म्हणतो, चैतीला न्यायला."

मी टोपली खाली ठेवली. मागून ढवळूबाबा काठी टेकत आला. "चैते, पाचव्या फाट्यावर शेळीवाला पाहुणा दिसला. मी विचारलं, कुठं निघालास बाबा? म्हणतो, आधी चैतीच्या पाड्यावर, मग तिच्या बाला भेटणार, मग तिनं हो म्हटलं तर परत, नाही म्हटलं तर... तिथं थांबला बिचारा. मग काय, ते त्याला ठाऊक नव्हतं."

मला हसावं की लपावं कळेना. मीच शिकवलं होतं ना त्याला, डोंगरात विचारलं की खरं सांगायचं. आणि त्यानं सांगितलं होतं. मोखाड्यापासून भेटलेल्या एकूण एका माणसाला. माझ्या कानावर येण्याआधी अख्ख्या डोंगराला ठाऊक झालं होतं.

तो आला तेव्हा आमच्या अंगणात पाडा जमला होता. आधी कारभारीण आली, तोंडात वाळलेला देठ. तिच्या मागं दोरी, दोरीच्या मागं मधू. पायात काटे, सदऱ्याला कुसळं, पाठीला मुखवट्यांचं रिकामं पोतं. भिकाऐवजी या वेळी तोच मोखाड्याला मुखवटे द्यायला आला होता. त्यानं जमलेल्या लोकांकडं बघितलं आणि दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"राम राम," तो सगळ्यांना म्हणाला. मग मला, हळूच, "इथं नेहमी एवढी गर्दी असते?"

"तूच बोलावलीस," मी म्हटलं.

बा ओटीवरून उतरला. "बोल पाहुण्या. काय काम?"

"शाळेच्या बाईंची चिठ्ठी आहे." मधूनं सदऱ्यात हात घातला आणि जे बाहेर काढलं ते बघून त्याचा चेहरा पडला. कागद होता, पण अर्धा. उरलेल्या कडेला दातांची नक्षी होती. सगळ्यांनी कारभारणीकडं बघितलं. ती दुसरीकडं बघू लागली.

"वाच गो," बा मला म्हणाला.

मी वाचलं. चैतीची तयारी चांगली आहे, फायनलला बसली तर खात्रीनं पास होईल, परीक्षेपर्यंत तिची राहण्याजेवणाची सोय मी माझ्या घरी करीन, माझ्या लेकीसारखी... आणि तिथं कागद संपला.

"पुढं?" बा म्हणाला.

"पुढचं मला पाठ आहे," मधू म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "बाईंनी वाचून दाखवलं होतं. पुढं लिहिलं होतं की... पास झाल्यावर शाळेत धाकट्या वर्गाला शिकवायला मुलगी हवीच आहे. आणि लिहिलं होतं की... गल्लीत आता कुणी कुणाला विचारत नाही, कुठं निघालास म्हणून. आणि कारभारीण जेवत नाही नीट. आणि चैती नसली की जव्हार नुसतं... वाळायला ठेवलेलं दिसतं. डोळे न काढलेलं."

मोहाचं एक फूल कुठंतरी टपकन पडलं.

"हे बाईंनी लिहिलं?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. सरळ. "खाल्लेल्या भागात होतं."

पोशीकाकूनं पदर तोंडात घातला. मला बोलायचं होतं, पण आधी मान हलली, आणि ती हो अशीच हलली. मला वाटतं, त्या सगळ्या वर्षात मी गोंधळल्याशिवाय केलेली तेवढी एकच गोष्ट.

बानं तो अर्धा कागद हातात घेतला. त्याला वाचता येत नाही, पण त्यानं तो उलटसुलट करून नीट बघितला, दातांच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग आईकडं बघितलं. आई म्हणाली, "मागायला आलाय ना कुणीतरी. काटे तुडवत."

"अर्धी चिठ्ठी आणलीस," बा मधूला म्हणाला, "तर अर्धं हो घे. परीक्षेपर्यंत बाईंच्या घरी राहील. बाकीचं अर्धं, परीक्षेनंतर. तुझ्या बाला पाठव. आणि शेळी घरी ठेवायला सांग."

*

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पुढं बा, माझं पुस्तकांचं गाठोडं घेऊन. मागं मी, मधू आणि कारभारीण.

पहिल्या फाट्यावर मधू थांबला. एका वाटेकडं बघितलं, दुसऱ्या वाटेकडं बघितलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"येताना इथं डहाळी होती."

"मग?"

"हिनं खाल्ली. नऊच्या नऊ." त्यानं डोकं खाजवलं. "चैती, मला परत जायची वाट ठाऊक नाही."

मी इतकी हसले की बानं पुढून वळून बघितलं. जव्हारच्या सात वळणांत रडकुंडीला आलेली मी, आता त्याच जव्हारच्या माणसाला वाट दाखवत होते. "वीस पावलं नाहीत हं इथं," मी म्हटलं. "माझ्या मागं मागं ये."

आणि सवयीनं माझा हात कडेच्या उंबराकडं गेला. मी डहाळी मोडली, वाकले, जमिनीवर ठेवणार... आणि थांबले. देठ, जिथून आलो तिकडं. शेंडा, जिकडं निघालो तिकडं. मागं पाडा होता, उघड्या दाराचा. पुढं जव्हार होतं, सात वळणांचं. शेंडा कुठं करायचा, ते माझ्या हाताला ठरवता येईना.

मधू माझ्या शेजारी उकिडवा बसला. हळूच म्हणाला, "कुठं निघालीस?"

या वेळी मला उत्तर ठाऊक होतं.

"घरी."

"कुठल्या?" असं तो विचारणार होता. मला त्याच्या ओठांवर दिसलं. पण तेवढ्यात कारभारणीनं आमच्या दोघांच्या मधून मान पुढं काढली आणि डहाळी खायला सुरुवात केली. शेंड्यापासून.